मदत हवी आहे: तंग डाव्या कोपरामागेच घासतो, नवा बेतायचा आहे

टाकाधागा

मंडळी, मला चामड्याचं शिवणकाम येतं, घोड्याच्या अंगाचं गणित येत नाही. तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

घोडी बुटकी, पोटाने गोल, छातीला रुंद. खोगीर इंग्लिश पद्धतीचं, दोन्ही बाजूंना तंगाची बक्कलं अडकवायला भोकं पाडलेल्या तीन-तीन वाद्या (चामडी पट्ट्या). तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, तयार घेतलेला: सरळ, ४ इंच रुंद, दोन्ही टोकांना दोन-दोन बक्कलं. गेले काही आठवडे तिच्या डाव्या कोपरामागचे केस झडत होते. मला वाटलं पट्टा कडक आहे, म्हणून लोकरीची जाड खोळ शिवून चढवली. आठ दिवसांत तिथली कातडी लाल झाली आणि आता सोललीय. उजवीकडे ओरखडासुद्धा नाही. शिवाय तंग हातात दिसला की बाई कान मागे टाकतात. परवा माझ्या दंडाला दात लावून झाले.

म्हणून नवा तंग स्वतः शिवायचा विचार आहे. डोक्यात असलेला आराखडा असा: वर चामडं, मध्ये १ इंच जाडीचा मऊ फोम, अंगाकडे निओप्रिन (कृत्रिम रबर). डावीकडे इलॅस्टिक, कारण मी कसते डावीकडून आणि हाताला ओढ कमी लागेल. वाद्यांना भोकं अर्ध्या-अर्ध्या इंचावर, म्हणजे हवा तेवढाच आवळता येईल.

यात काय चुकतंय? आणि डावीकडेच का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

खरारा

आधी महत्त्वाचं. सोललेल्या जागेवर तंग पडता कामा नये, खोळीसकटही नाही. कातडी भरून येईपर्यंत खोगीर टांगून ठेवा. तिथे पुढे पांढरे केस उगवले तर समजा, दाब केसांच्या मुळापर्यंत पोचला होता.

दुसरं, दात लावणं नुसतं जखमेमुळेच असेल असं गृहीत धरू नका. तंग कसताना चिडणाऱ्या ३७ घोड्यांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला होता. त्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलं ते जठरातले व्रण. खोगीर नीट न बसणं, लंगडेपणा, स्नायूंचं दुखणं हेही होतंच. पशुवैद्याला एकदा दाखवा. पोट दुखत असेल तर सोन्याचा तंग शिवलात तरी ती चावणार.

आता मला दोन गोष्टी सांगा. डावीकडे बक्कल कितव्या भोकात असतं आणि उजवीकडे कितव्या? आणि घोडी चारही पाय सरळ टेकून उभी असताना वाद्या सरळ खाली लोंबतात, त्या कोपरापासून किती मागे पडतात?

बिनरिकीब

खोळीबद्दल: बूट चावतो म्हणून त्यात आणखी जाड मोजा घालण्यासारखं झालं हे. जागा तेवढीच, आत माल जास्त. वर लोकरीत घाम, माती आणि गळलेले केस अडकून तिची घासणी होते, ते वेगळंच. लोकर वाईट नाही, पण रोज झटकून मोकळी करायला हवी.

जुना मोतद्दार

ताई, तंग एका दमात आवळता का? तसं करू नका. खोगीर ठेवल्यावर नुसता टेकवायचा. चार पावलं फिरवून एक भोक. स्वार होण्याआधी आणखी एक. मग दोन्ही पुढचे पाय एकेक करून गुडघ्याखाली धरून हलके पुढे ओढायचे, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते. अर्ध्या जखमा त्या चिमटीच्या असतात.

आणि बोटं बाजूला घालून बघू नका. बरगडीवर तंग नेहमी घट्टच लागतो. खाली, दोन पायांच्या मध्ये, छातीच्या हाडाशी बोटं घालायची. तिथे सैल लागला तर सैल, घट्ट लागला तर घट्ट.

टाकाधागा

सगळ्यांचे आभार. पशुवैद्य येऊन जाणार आहेत, खोगीर टांगलं.

मोतद्दारकाका, एका दमातच आवळत होते. ओशाळले.

खरारा, भोकं मोजली. उजवीकडे दुसरं, डावीकडे पाचवं. उजवी बाजू मी कधी बदलतच नाही, सगळं डावीकडून करते. वाद्यांचं म्हणाल तर त्या कोपरापासून चांगल्या पाच बोटं मागे पडतात, पण फिरवून आणल्यावर तंग पुढे सरकून कोपराला भिडलेला असतो. खोगीरही दोनेक बोटं पुढे आलेलं असतं.

खरारा

सापडलं बहुतेक. भोकं १ इंचावर असतील ना? डावीकडे तीन भोकं जास्त, म्हणजे ३ इंचांचा फरक. त्यामुळे तंगाचा मध्य छातीच्या हाडावर न राहता दीड इंच डावीकडे ओढला गेलाय. सरळ पट्ट्यात हे लवकर लक्षात येत नाही, पण तुमची खोळ केवढी होती? तिची शिवण किंवा टोक डाव्या कोपरामागे येत असणार.

नव्या तंगासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. तुम्ही उद्या कोपरापाशी सुंदर खाच काढाल आणि मध्य दीड इंच सरकला की डावी खाच वर बरगडीवर जाईल आणि मधला रुंद भाग नेमका कोपरात घुसेल. बेतलेला तंग सरळ पट्ट्यापेक्षा वाईट ठरायचा! दोन्हीकडे भोकं सारखी ठेवा. फार तर एका भोकाचा फरक, तेवढ्याने मध्य अर्धाच इंच हलतो. म्हणून अर्ध्या इंचावर भोकं पाडायची गरज नाही, एका बाजूला एक भोक वाढवलं की मधलं माप मिळतंच. तेवढी जवळ भोकं पाडली तर तिथलं चामडं कमजोर होईल, आणि ते तुटतं ते चौखूर सुटल्यावर.

टाकाधागा

अरे देवा. खोळीची जोडशिवण डाव्या बाजूला, बक्कलाच्या सहा इंच खाली आहे. म्हणजे बरोब्बर तिथे. जखम मीच शिवली म्हणायची.

दाबमापक

पुढे सरकण्याबद्दल. प्रत्येक घोड्याच्या छातीला, बरगड्यांचा घेर सर्वांत कमी असतो तिथे, एक खोलगट जागा असते. चालायला लागलं की तंग आपोआप त्या जागी जातो, तुम्ही कुठेही बांधा. गोल पोटाच्या घोड्यांत ही जागा बऱ्याचदा पुढे, कोपराच्या अगदी जवळ असते. तुमच्या वाद्या मागे आणि खोलगट जागा पुढे, मग तंग पुढे जातो आणि खोगिराला सोबत ओढतो. खोगीर खांद्यांवर चढलं की पुढचं सगळं बिघडतं.

यावर उपाय आकारात आहे, मऊपणात नाही. ब्रिटनमध्ये तंगाखाली दाब मोजणारी चटई ठेवून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक दाब छातीच्या हाडावर नाही, तर कोपरांच्या मागच्या स्नायूंवर आढळला. तिथून दाब हटवणारा आकार वापरल्यावर घोडे पुढचा पाय जास्त लांब टाकू लागले. कोपरापाशी कापून अरुंद केलेला अ‍ॅथरस्टोन तंग, किंवा कोपराच्या जागी चामड्याच्या तीन पट्ट्या एकमेकींतून ओवलेला बाल्डिंग तंग, हे जुने कारागीर त्याच वाटेने गेले होते, चटई नसताना.

तुमच्या घोडीला मध्य पुढे झुकलेला तंग हवा: छातीच्या हाडावर रुंद आणि पुढे, कोपरामागे खाच घेऊन मागे वळलेला, बक्कलं आणखी मागे. मग मध्य खोलगट जागेत बसतो आणि टोकं वाद्यांच्या सरळ रेषेत येतात.

१ इंच फोम नको. दाबला की तो मध्ये बसतो, तंगाला लोडासारखा गोल आकार येतो आणि सगळा भार मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पडतो. पाव इंच घट्ट फेल्ट पुरे. रुंदीचा फायदा तेव्हाच, जेव्हा ओढ सगळ्या रुंदीभर पसरते. नुसत्या मधल्या पट्ट्यावर ओढ असेल तर कडा पंखासारख्या उचलतात.

बिनरिकीब

निओप्रिनबद्दल सावध. पकड छान, धुवायला सोपं, पण हवा खेळत नाही आणि काही घोड्यांच्या कातडीला सोसत नाही. आधीच सोललेल्या जागेवर तर नकोच. मी गुळगुळीत, मऊ चामडंच लावेन आणि प्रत्येक वेळी पुसेन. पुसायचा आळस असेल तर मात्र सुती तंग बरा, निदान धुता येतो.

इलॅस्टिक एका बाजूला अजिबात नको. ती बाजू ताणत राहते, दुसरी ताणत नाही, खोगीर न ताणणाऱ्या बाजूकडे ओढलं जातं. द्यायचं तर दोन्ही टोकांना सारखं.

दाबमापक

मी तर दोन्हीकडेही टाळेन. इलॅस्टिकमुळे हाताला ओढ कमी जाणवते आणि माणूस आणखी दोन भोकं आवळतो. शर्यतीच्या घोड्यांना ट्रेडमिलवर पळवून ऑस्ट्रेलियात हे पाहिलं होतं: तंग जितका घट्ट, तितके घोडे लवकर थकले.

बिनरिकीब

ते आवळण्याचं झालं, इलॅस्टिकचं नाही. बेताने आवळलं तर दोन्हीकडचं इलॅस्टिक घोड्याला सुखाचं जातं, माझा अनुभव आहे. पण पहिलाच तंग शिवणाऱ्याने नको, एवढं मान्य. जुनं झालं की ते एका बाजूला आधी मरतं.

टाकाधागा

तुमचं भांडण चालू राहू दे, मी इलॅस्टिक काढलं.

आता प्रगती. पशुवैद्यांनी पोटाचं बघून घेतलं, तशी लक्षणं नाहीत म्हणाले. जखमेवर खपली धरलीय. तंग न बांधता खडूने खोलगट जागा आखली. मग एकीने पाय पुढे-मागे धरला आणि कोपर सर्वांत मागे कुठपर्यंत येतं तिथे खूण केली. उभ्या घोडीवर माप घेतलं असतं तर फसले असते, पाय मागे जाताना कोपर तिथे येतं याची मला कल्पनाच नव्हती. त्यावरून मांजरपाटाचा नमुना कापला: मध्ये ५ इंच, खाचेपाशी अडीच, बक्कलांकडे पुन्हा ३. मध्यावर लाल दोऱ्याचा टाका घातलाय, तो दोन पुढच्या पायांच्या मधोमध दिसला पाहिजे.

दोन शंका. ओढ रुंदीभर पसरवायला आत काय घालू? आणि बक्कलं कोणत्या दोन वाद्यांना?

दाबमापक

आत पॉलिएस्टरची नवार, दोन पट्ट्या समांतर, एकेक बक्कलापासून थेट दुसऱ्या टोकाच्या बक्कलापर्यंत. मधल्या रुंद भागात त्या पंख्यासारख्या फाकवा आणि खाचेपाशी जवळ आणा. नायलॉनची नवार ओली झाली की जास्त ताणते, घामाच्या कामाला ती नको. भार नवार घेईल, चामडं फक्त आकार धरेल. बक्कलाच्या घडीवर चौकोन आणि आत फुली असे टाके. तुम्हाला ते सांगायला नकोच.

खरारा

वाद्या: बहुतेक इंग्लिश खोगिरांत पहिली वादी एका स्वतंत्र नवारीवर असते, दुसरी आणि तिसरी मिळून दुसऱ्या नवारीवर. म्हणून पहिली आणि तिसरी, किंवा पहिली आणि दुसरी घ्या. दुसरी-तिसरी एकत्र नको, ती एक नवार तुटली तर दोन्ही बक्कलं एकदम गेली. स्वतःच्या खोगिराखाली उलटून मात्र बघा, शिवण दिसते.

अंगाकडच्या कडेला शिवण आणू नका. चामडं दुमडून कड गोल करा आणि टाके बाहेरच्या बाजूला घ्या. खाचेच्या पुढच्या कडेवर तर विशेष.

जुना मोतद्दार

लांबी अशी ठेवा की दोन्हीकडे मधल्या भोकात बसेल. हिरवा चारा खाऊन फुगली तर खाली दोन, कामाला लागून उतरली तर वर दोन. बक्कल कोपराच्या रेषेत येऊ देऊ नका.

टाकाधागा

शिवून झाला! खपली पडून केस यायला लागल्यावरच चढवला. दोन्हीकडे तिसरं भोक. तीन टप्प्यांत कसला, पाय ओढले. अर्धा तास फिरवून काढला तेव्हा घामाचा ठसा मध्यावर सलग होता, खाचांपाशी दोन्हीकडे केस कोरडे आणि सरळ. खोगीर अजून बोटभर पुढे येतंय, त्याचा वेगळा धागा काढते, बहुतेक खोगिराचाच दोष आहे.

कान अजून मागे टाकते. पण दात नाही लावले.

जुना मोतद्दार

लाल टाका कुठे होता शेवटी?

टाकाधागा

काढताना पाहिला, काका. पाव इंच डावीकडे. उद्यापासून एक भोक उजवीकडून कसणार.