टेक्सासच्या बायरने लेन्स बदलून रिटर्न केली, रिफंडही घेतला. कायद्याने काय करता येईल?

जर्सीकर_फोटो

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो, फोटोग्राफीची हौस आहे आणि वापरात नसलेलं सामान अधूनमधून ऑनलाइन विकतो. यावेळी एक टेलिफोटो लेन्स २,६५० डॉलरला विकली, बायर टेक्सासचा, ह्यूस्टनच्या बाजूचा. पार्सल पोचलं, त्याने सही करून घेतलं, आणि आठवडाभरात रिटर्न टाकला की ऑटोफोकस चालत नाही, वर्णनाप्रमाणे वस्तू नाही. साइटच्या नियमाने रिटर्न घ्यावाच लागतो म्हणून घेतला. बॉक्स उघडला तर आत त्याच कंपनीची पण भलतीच, जुनी, काचेत बुरशी आलेली लेन्स, सिरीयल नंबर वेगळा. माझ्या लेन्सचं बिल आहे, लिस्टिंगच्या फोटोत नंबर स्पष्ट दिसतोय, पॅकिंग करतानाचा व्हिडिओ आहे. हे सगळं साइटला पाठवलं तरी त्यांनी ट्रॅकिंगवर रिटर्न डिलिव्हर झालाय एवढं बघून त्याला पूर्ण रिफंड दिला, अपीलही फेटाळलं. म्हणजे लेन्सही गेली आणि पैसेही.

टाउनच्या पोलिसांना फोन केला तर म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. वकील केला तर फी लेन्सपेक्षा जास्त होईल. बायरचं नाव आणि शिपिंगचा पत्ता माझ्याकडे आहे. इथल्या स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या कोर्टात) केस टाकता येते का, की टेक्सासला जावं लागेल? एफबीआयकडे तक्रार करून काही होतं का? रक्कम फार मोठी नाही पण हे असं सोडून देववत नाहीये.

सुधीरकाका

अरे सरळ न्यू जर्सीतच टाक केस. तू इथे राहतोस, नुकसान इथे झालंय, खोटा बॉक्स इथे तुझ्या दारात आलाय. स्मॉल क्लेम्सची मर्यादा आपल्याकडे २०२२ पासून ५,००० डॉलर आहे, तुझी रक्कम त्यात आरामात बसते. तो टेक्सासहून येणार नाही, आला नाही की डिफॉल्ट जजमेंट, म्हणजे गैरहजेरीतला एकतर्फी निकाल, तुझ्या बाजूने. घाबरू नकोस.

मीनल_पॅरालीगल

काका, रकमेचं बरोबर आहे पण बाकीचं मला धोक्याचं वाटतं. मी एका लॉ ऑफिसमध्ये पॅरालीगल आहे, वकील नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. दुसऱ्या स्टेटमधल्या माणसावर आपल्या कोर्टाचा अधिकार चालतो का हा इथे मुख्य मुद्दा आहे, त्याला पर्सनल जुरिसडिक्शन म्हणतात. १९४५ च्या इंटरनॅशनल शू केसपासून नियम असा की त्या माणसाचा तुमच्या स्टेटशी पुरेसा संबंध असला पाहिजे. आणि नुकसान माझ्या घरी झालं एवढं म्हणून तो संबंध सिद्ध होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये वॉल्डन विरुद्ध फिओरे मध्ये स्पष्ट सांगितलंय. अटलांटाच्या एअरपोर्टवर एका अधिकाऱ्याने दोन जुगाऱ्यांकडचे साधारण ९७,००० डॉलर जप्त केले, ते नेवाडाला निघाले होते, त्यांनी नेवाडात केस टाकली आणि कोर्टाने सांगितलं की त्या अधिकाऱ्याने नेवाडात काहीच केलेलं नाही, सबब तिथे केस चालणार नाही.

ऑनलाइन विक्रीचं उदाहरण हवं असेल तर बॉशेटो विरुद्ध हॅन्सिंग, २००८. कॅलिफोर्नियाच्या माणसाने ईबेवर विस्कॉन्सिनच्या लोकांकडून १९६४ ची फोर्ड गॅलेक्सी घेतली, गाडी सांगितल्यासारखी निघाली नाही म्हणून कॅलिफोर्नियात केस केली, आणि नाइन्थ सर्किटने, म्हणजे पश्चिमेकडच्या स्टेट्सच्या फेडरल अपील कोर्टाने, म्हटलं की एकाच ऑनलाइन सौद्याने विक्रेता कॅलिफोर्नियाच्या कोर्टात ओढला जात नाही. तिथे बायरने सेलरवर केस केली होती, इथे उलट आहे, आणि नाइन्थ सर्किटचा निकाल न्यू जर्सीला बंधनकारकही नाही, पण एकदाच खरेदी केलेल्या बायरलाही हाच बचाव घेता येतो. तुमच्या बाजूनेही मुद्दा आहे, त्याने मुद्दाम खोटी वस्तू न्यू जर्सीत पाठवली, नुसती खरेदी करून गप्प बसला नाही, आणि हे काही जज मान्य करतीलही. पण त्या भरवशावर फी भरू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि डिफॉल्ट जजमेंटची जी आशा काका दाखवतायत तिथेच लोक फसतात. जजमेंट न्यू जर्सीचं, पण त्याचं बँक खातं टेक्सासला, म्हणजे वसुलीसाठी ते जजमेंट टेक्सासच्या कोर्टात नोंदवावं लागतं. राज्यघटनेच्या फुल फेथ अँड क्रेडिट कलमामुळे एका स्टेटचं जजमेंट दुसऱ्याने मानायचं असतं हे खरं, आणि नोंदणीची पद्धतही दोन्हीकडे सोपी आहे, पण मूळ कोर्टाला अधिकारच नव्हता असं त्याने तिथे दाखवलं तर ते जजमेंट रद्दीत जातं. तो मुद्दाम इथे हजर न राहता तिथे हा मुद्दा काढू शकतो. मग तेव्हा परत टेक्सासमध्ये पहिल्यापासून केस टाकायची आणि मधल्या काळात मुदत संपत आलेली. त्यापेक्षा पहिल्यापासून जिथे बायर राहतो तिथेच केस टाका, तिथे जुरिसडिक्शनचा वादच उरत नाही.

ह्यूस्टनचा_अजय

मीनलताईंशी पूर्ण सहमत. मी इकडेच राहतो आणि दोनदा जस्टिस कोर्टात केस केलीये, भाडेकरूच्या डिपॉझिटची आणि एका कॉन्ट्रॅक्टरची, म्हणून सांगतो, हे लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. टेक्सासमध्ये स्मॉल क्लेम्स जस्टिस ऑफ द पीस कोर्टात चालतात, जेपी कोर्ट म्हणतात सगळे, आणि मर्यादा सप्टेंबर २०२० पासून २०,००० डॉलर आहे. वकील लागत नाही. पिटिशन ऑनलाइन ई-फाइल करता येते, फाइलिंग फी ५४ डॉलरच्या आसपास आणि समन्स बजावायचे पैसे वेगळे, जिंकलात तर हा खर्च त्याच्याकडून मागता येतो. समन्स कॉन्स्टेबल नेऊन देतो किंवा सर्टिफाइड मेलनेही जातं. फक्त एक नीट बघा, साधारणपणे केस डिफेंडंट, म्हणजे ज्याच्यावर केस आहे तो, ज्या प्रीसिंक्टमध्ये (काउंटीच्या विभागात) राहतो तिथल्या कोर्टात टाकायची असते. हॅरिस काउंटीत ८ प्रीसिंक्ट आणि १६ जेपी कोर्टं आहेत, पत्ता टाकून काउंटीच्या साइटवर प्रीसिंक्ट शोधता येतो. आणि "ह्यूस्टनच्या बाजूचा" म्हणजे तो फोर्ट बेंड किंवा मॉन्टगोमेरी काउंटीतही असू शकतो, ते आधी तपासा.

समन्स मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याने उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर डिफॉल्ट मागता येतो, त्यासाठी तो मिलिटरीत नाही असं अफिडेव्हिट लागतं, हे बरेच जण विसरतात आणि अर्ज तिथेच अडकतो. प्रत्यक्ष सुनावणीला विमानाने यायला लागू नये म्हणून कोर्टाच्या क्लार्कला आधीच विचारा, झूमवर हजर राहायची परवानगी मागता येते, जज देतीलच असं नाही पण दुसऱ्या स्टेटच्या माणसाने आधी लेखी विनंती केली तर ऐकून घेतात असा माझा अनुभव.

पिटिशनमध्ये काय लिहायचं तर फ्रॉड, कन्व्हर्जन म्हणजे दुसऱ्याची वस्तू बळकावणं, आणि कॉन्ट्रॅक्ट मोडणं, साध्या भाषेत लिहिलं तरी चालतं. इथे टेक्सास थेफ्ट लायबिलिटी अ‍ॅक्ट म्हणून कायदा आहे, चोरी सिद्ध झाली तर नुकसानीवर अजून १,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात, पण त्यात जो जिंकेल त्याला वकिलाची फी मिळते, जो म्हणजे कोणीही, तुम्ही हरलात आणि त्याने वकील केला असेल तर त्याची फी तुमच्या बोकांडी बसते. त्यामुळे पुरावा एकदम पक्का असेल तरच त्या कायद्याचं नाव घाला. कन्व्हर्जनची मुदत इकडे दोनच वर्षं आहे, फ्रॉड आणि कॉन्ट्रॅक्टची चार, पण तेवढं थांबूच नका.

आता वसुलीचं. टेक्सास कर्जदाराला फार सांभाळून घेणारं स्टेट आहे, साध्या देण्यासाठी इथे पगार गार्निश करता (परस्पर कापून घेता) येत नाही, घटनेतच मनाई आहे. राहतं घर होमस्टेड म्हणून सुरक्षित. बँक खातं मात्र गार्निश होतं, आणि जजमेंटचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट (निकालाचा अधिकृत सारांश) काउंटीत नोंदवला की राहतं घर सोडून त्याच्या नावावर दुसरी जमीन वगैरे असेल तर त्यावर बोजा चढतो. जजमेंट १० वर्षं जिवंत राहतं. केस टाकण्याआधी काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (टॅक्ससाठी प्रॉपर्टीची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या) साइटवर त्याचं नाव टाकून बघा, कुणाच्या नावावर काय प्रॉपर्टी आहे ते फुकटात दिसतं. तो भाड्याच्या खोलीत राहणारा, पत्ता बदलत फिरणारा निघाला तर जिंकूनही हातात काही येणार नाही, आणि ते आधी कळलेलं चांगलं.

राहुल_जे

पोलिसांचं सोडू नका. फोनवर "सिव्हिल मॅटर" म्हणून कटवतात, स्वतः जा, कागद घेऊन जा, आणि खटला भरा असं न म्हणता रिपोर्ट नोंदवून घ्या आणि नंबर द्या एवढंच मागा. न्यू जर्सीत फसवून वस्तू घेणं म्हणजे थेफ्ट बाय डिसेप्शन आणि ५०० डॉलरच्या वर गेलं की तो थर्ड डिग्री गुन्हा होतो. टेक्सासमध्ये २,५०० ते ३०,००० मधली चोरी स्टेट जेल फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, म्हणजे तुमची लेन्स त्या रेषेच्या वर बसते, तिकडच्या पोलिसांकडेही तक्रार करा. सिरीयल नंबर रिपोर्टमध्ये लिहायलाच सांगा, पोलीस तो एनसीआयसीमध्ये, म्हणजे एफबीआयच्या देशभरच्या गुन्हे-नोंदींत, चोरीची वस्तू म्हणून टाकू शकतात, उद्या लेन्स पॉन शॉपमध्ये आली तर तिथून सापडायची शक्यता असते.

एफबीआयचं म्हणाल तर आयसीथ्री डॉट गव्ह वर, म्हणजे त्यांच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राच्या साइटवर, तक्रार टाका, पण अपेक्षा नीट ठेवा. आयसीथ्री स्वतः तपास करत नाही, तक्रारी गोळा करून संबंधित यंत्रणांकडे देतं. एकट्या २,६५० डॉलरवर एजंट येणार नाही, पण या माणसाने अजून वीस जणांना असंच केलं असेल तर तुमची तक्रार त्या साखळीत जोडली जाते. रिटर्न पोस्टाने आला असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसलाही कळवा, मेल फ्रॉड त्यांचं काम. मेल फ्रॉड, वायर फ्रॉड हे फेडरल गुन्हे आहेत पण त्याखाली तुम्ही स्वतः केस करू शकत नाही, ते सरकारच करतं.

अजून एक, डिमांड लेटर (केसआधी पैसे मागायचं पत्र) पाठवाल तेव्हा "पैसे दे नाहीतर पोलिसात जाईन" असं चुकूनही लिहू नका. बऱ्याच स्टेट्समध्ये ही धमकी खंडणीत मोडू शकते. पोलिसात जायचं ते गुपचूप जा, पत्रात फक्त सिव्हिल केसचं लिहा. आणि त्याचं नाव पत्ता सोशल मीडियावर टाकू नका, त्याच्या हातात विनाकारण मुद्दा जातो.

प्राजक्ता_ओहायो

इथेच विचारते, माझं थोडं वेगळं आहे. आईची शिवणाची इंडस्ट्रियल मशीन विकली, बायर जॉर्जियाचा, कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला) पाठवला, खात्यात पैसे दिसले म्हणून मशीन पाठवून दिली आणि नंतर बँक म्हणते चेक बनावट, पैसे परत काढून घेतले. बँकेने आधी पैसे दिले होते ना, मग त्यांची जबाबदारी नाही का?

मीनल_पॅरालीगल

प्राजक्ता, दुर्दैवाने बहुतेक वेळा नाही. फेडरल नियमाने बँकेला ठरावीक मुदतीत पैसे वापरायला द्यावेच लागतात, चेक खरा आहे की नाही हे कळायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि परत आलेल्या चेकची रक्कम त्या खात्यातून काढू शकतात. पण तुझी बाजू एका अर्थाने मजबूत आहे. चेकने दिलेलं पेमेंट तो चेक वटेल या अटीवरच धरतात, नाही वटला तर विकणाऱ्याला वस्तू परत मागता येते. हे लगेच लेखी माग, आजच. मशीन अजून ट्रकवर असेल तर कुरिअरला किंवा फ्रेट कंपनीला थांबवायला सांग, पोचेपर्यंत परत बोलवायची सोय बहुतेकांकडे असते. घाई एवढ्यासाठी की त्याने ती तिसऱ्या निर्दोष माणसाला विकली तर यूसीसीच्या (व्यापारी व्यवहारांच्या कायद्याच्या) २-४०३ कलमाने त्या माणसाची मालकी टिकते, फसवणुकीने मिळवलेली असली तरी, मग तुला फक्त या भामट्याकडून पैसेच मागता येतील. पोलीस रिपोर्ट तुझ्या बाबतीत सोपा जाईल कारण बनावट चेक समोर आहे, तो कुणी सिव्हिल म्हणणार नाही.

जर्सीकर_फोटो

सगळ्यांचे मनापासून आभार, साइटच्या उत्तरानंतर एकदम हताश झालो होतो. अजयभाऊ, तुम्ही सांगितलं तसं बघितलं, तो हॅरिस काउंटीतच आहे आणि एक घर त्याच्या नावावर दिसतंय, राहतं आहे की भाड्याने दिलंय ते कळलं नाही. मी पाठवलेल्या पार्सलची पावती आहे, त्यावर वजन आहे. रिटर्न आलेला बॉक्सही ठेवलाय. याचा काही उपयोग?

ह्यूस्टनचा_अजय

भाऊ, वजन हा तर फार मोठा पुरावा आहे! मोठी टेलिफोटो आणि छोटी जुनी लेन्स यांच्या वजनात चांगलाच फरक असणार. साइटकडून किंवा कुरिअरकडून रिटर्नचं नोंदवलेलं वजन लेखी मागा. रिटर्नचं पार्सल निघालं तेव्हाच हलकं होतं हे दिसलं तर "मी बरोबर लेन्स पाठवली, तुम्हीच बदलली" हा त्याचा पहिला बचाव तिथेच कोसळतो, आणि तो हेच म्हणणार हे धरून चाला. बॉक्स, आतला कागद, लेबल, काही टाकू नका. साइटवरचं सगळं बोलणं आजच डाउनलोड करा, केस क्लोज झाल्यावर काही काळाने दिसेनासं होतं. घराच्या पत्त्यावर आणि टॅक्स बिलाच्या पत्त्यावर फरक असेल, होमस्टेड एक्झेम्प्शन (राहत्या घराची टॅक्स सवलत) लावलेलं नसेल, तर ते बहुतेक भाड्याचं घर आणि मग बोजाला अर्थ आहे. तेही त्याच अप्रेझलच्या पानावर दिसतं.

मीनल_पॅरालीगल

आणि साइटच्या युजर अ‍ॅग्रीमेंटमधलं आर्बिट्रेशनचं (कोर्टाऐवजी लवादाचं) कलम वाचून घ्या, ते साधारणपणे तुमच्यात आणि साइटमध्ये असतं, बायरवर केस करायला आडवं येत नाही. साइटने रिफंड दिला म्हणजे कोर्टाचा निकाल लागला असं होत नाही, हे जजसमोर स्पष्ट सांगा.

डिमांड लेटर सर्टिफाइड मेल, रिटर्न रिसीट घेऊन. कोणती लेन्स, सिरीयल नंबर, काय परत आलं, किती पैसे, कुठल्या तारखेपर्यंत, एवढंच, रागाचा एकही शब्द नको कारण हेच पत्र पुढे जज वाचणार.

जर्सीकर_फोटो

पत्र या वीकेंडला लिहितो. ती बुरशीवाली लेन्स माझ्याकडे पडून आहे, तिचं काय करू? शे-दीडशे डॉलरला तरी जाईल.

मीनल_पॅरालीगल

विकू नका, साफही करू नका, आहे तशी बॉक्समध्ये ठेवा. आणि पत्रात लिहा की ही लेन्स माझी नाही, माझी परत केलीस किंवा पैसे दिलेस की तुझ्या खर्चाने ही पाठवून देईन.