मदत हवी आहे: मीटअपमध्ये नुसतं बसून कंटाळलो

मंडळी, दोन वर्षं टेक मीटअपना जातोय. शेवटच्या रांगेत बसायचं, स्टिकर घ्यायचे, घरी यायचं. लॅपटॉपवर आता जागा उरली नाही, ओळखी मात्र शून्य! गेल्या वेळी नोंदणीच्या टेबलावर माणूस कमी पडला म्हणून बॅज वाटायला उभा राहिलो, तर त्या तासाभरात दोन वर्षांत बोललो नसेन इतक्या लोकांशी बोललो.

आता नियमित स्वयंसेवक व्हायचंय. गिटहबवर (जिथे खुल्या सॉफ्टवेअरचा कोड मिळून लिहितात) ‘गुड फर्स्ट इश्यू’, म्हणजे नवख्यांसाठीच्या सोप्या कामांचं लेबल बघून सुरुवात करू, मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर (लोकांनी दिलेल्या आवाजांचा खुला संग्रह) मराठी वाक्यं रेकॉर्ड करू, की आयोजकांनाच थेट विचारू? कोडिंग बरं जमतं, माईक हातात आला की ततपप होतं. नोकरी सांभाळून आठवड्याला तीनेक तास निघतील. तुम्ही पहिलं काम कोणतं घेतलं होतंत?