डीएनएचं अँड गेट इनपुट न देताच सिग्नल देतंय

पंचगंगाकाठ: नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी स्ट्रँड डिस्प्लेसमेंटचं (डीएनएचा एक धागा दुसऱ्याला ढकलून त्याची जागा घेतो) दोन इनपुटचं अँड गेट, म्हणजे दोन्ही इनपुट आले तरच आउटपुट सोडणारं, लावलंय. गेट 100 नॅनोमोलर, रिपोर्टर (आउटपुट आला की चमकणारा) 150, बफर टीई अधिक 12.5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराईड, टोहोल्ड (नवा स्ट्रँड आधी चिकटतो ते उघडं टोक) 5 बेसचे. एकही इनपुट न घालता दोन तासांत फ्लुरोसन्स पूर्ण सिग्नलच्या निम्म्यावर जातो. स्ट्रँड साधे डिसॉल्टेड (फक्त क्षार काढलेले) आहेत, खोलीला एसी नाही.

रेणूगणित: आधी आलेखाचा आकार बघा. पहिल्या काही मिनिटांत उडी आणि मग सपाट रेघ, म्हणजे आउटपुट स्ट्रँड मोकळा फिरतोय. सावकाश चढत राहिला तर गेटच गळतंय, म्हणजे इनपुटविना आउटपुट सोडतंय. गेट न घालता नुसता रिपोर्टर ठेवून तोही तपासा.

पंचगंगाकाठ: रिपोर्टर एकटा शांत आहे. गेट घातलं की आधी उडी, मग चढही.

रेणूगणित: मग दोन्ही दुखणी आहेत. स्ट्रँड बनवताना बेसच्या जोडणीचा प्रत्येक टप्पा 99 टक्के यशस्वी धरला तरी 60 बेसच्या स्ट्रँडमध्ये पूर्ण लांबीचे जेमतेम 55 टक्के निघतात. संश्लेषण 3' कडून 5' कडे होतं, त्यामुळे तुटके रेणू 5' टोकाला अपुरे राहतात. तळाचा स्ट्रँड असा अपुरा असला की आउटपुटचं टोक उघडं पडतं आणि रिपोर्टर तिथूनच शिरतो.

गेट 95 अंशांवर 5 मिनिटं ठेवून मिनिटाला एक अंश या वेगानं 20 पर्यंत उतरवा. मग 12 टक्के नॉन-डिनेचरिंग (डीएनएच्या जोड्या न उकलणाऱ्या) पॉलिॲक्रिलामाइड जेलवर चालवा. बँड 254 नॅनोमीटरच्या यूव्ही सावलीत शोधा. रंग घालू नका, तो डीएनएत अडकून राहतो. तुकडा त्याच मॅग्नेशियमच्या बफरमध्ये रात्रभर भिजवा आणि 260 नॅनोमीटरवर पुन्हा मोजा. मोकळा आउटपुट इथंच वेगळा होतो, उडी जाईल.

करवीर_जैव: जेल गरम झालं तर गेट तिथंच सुटेल, व्होल्टेज बेतानं ठेवा. आणि प्लेट रीडर 25 अंशांवर बांधा की! उन्हाळ्यात एसीविना खोलीत टोकं जास्त उघडतात. गेटच्या टोकांना जी-सी जोड्यांचा एक-दोन बेसचा क्लॅम्प द्या, म्हणजे टोक घट्ट राहील. टोहोल्ड मात्र वाढवायची घाई नको. 6-7 बेसपर्यंत प्रत्येक बेसमागं वेग साधारण दहापट होतो, पण गळती त्यानं थांबत नाही.

रेणूगणित: बरोबर. तरी थोडी गळती उरलीच तर थ्रेशोल्ड कॉम्प्लेक्स (स्ट्रँडची जोडी) लावा, म्हणजे लांब टोहोल्डचा, आउटपुट आधी गिळणारा. 2011 मध्ये लुलु चियान आणि एरिक विनफ्री या संशोधकांनी चार बिटी संख्येचं वर्गमूळ काढणारं 130 स्ट्रँडचं सर्किट याच युक्तीवर चालवलं. 20 नॅनोमोलरपासून सुरू करा.