मदत हवी आहे : बेळगावात उघड्यावर बुद्धिबळ खेळायला जागा

सर्वांना नमस्कार. आम्ही टिळकवाडी आणि शहापूर भागातील पाच-सहा जण रविवारी सकाळी मोकळ्या हवेत, स्पर्धेच्या ताणाविना बुद्धिबळ खेळू इच्छितो. सध्या व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात झाडाखाली पट अंथरतो; परंतु तेथे बाक नसल्यामुळे तासाभरात पाठ धरते आणि वारा सुटला की रेक्झिनच्या पटाचे कोपरे दगडांनी दाबावे लागतात. एक काळे प्यादे गवतात हरवले, तेव्हापासून त्याच्या जागी सुपारी उभी आहे. एका उद्यानात तर, आम्ही पैसे लावून खेळतो असे समजून, रखवालदाराने आम्हाला उठवले.

कोलकात्यात गडियाहाट उड्डाणपुलाखाली वर्षानुवर्षे पट मांडले जातात. पुलाचे छप्पर असल्यामुळे तेथे पावसाचीही अडचण येत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हीच मुख्य पंचाईत आहे. पुलाखाली गाड्यांचा गोंगाट असला तरी ती सोय मला उद्यानापेक्षा बरी वाटते.

किल्ला तलाव, अनगोळ, वडगाव किंवा खानापूर, निपाणी येथे आडोसा, बाक आणि पुरेसा उजेड असलेली सार्वजनिक जागा कोणास ठाऊक आहे काय? मध्यम पटाचे घर साधारण 5 सेंटिमीटरचे असते, म्हणजे अर्धा मीटर रुंदीचा कट्टाही पुरेल. उद्यानात सिमेंटचे टेबल बसवून घेण्यासाठी महानगरपालिकेकडे कोणी अर्ज केला असल्यास त्याचा मसुदाही कृपया पाठवावा. कन्नडमध्ये असला तरी चालेल.