लॅपटॉपची रॅम वाढवायची आहे: आणखी 8 जीबी की थेट 16? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपमध्ये 8 जीबी रॅम आहे आणि ती आता अजिबात पुरत नाही. नवी घेण्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम असं आहे: जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं साफ करायची, ओसीआर करायचं (म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवायचा) आणि मूळ पान समोर ठेवून मजकूर तपासायचा. म्हणजे एका बाजूला 300 डीपीआयच्या पानांची जाडजूड पीडीएफ, दुसऱ्या बाजूला लिबर ऑफिस, आणि मागे ब्राउझरमध्ये शब्दकोशांचे टॅब. सुरुवातीला सगळं ठीक चालतं. तासाभराने पान उलटलं की आधी पांढरा चौकोन येतो, मग धूसर अक्षरं, मग कुठे पान दिसतं. तोवर आधीच्या ओळीत काय तपासत होतो तेच डोक्यातून गेलेलं असतं. या कामात लक्ष टिकणं हेच सगळं असतं, त्यामुळे हा अडथळा फार जाचतो.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी असं जाऊन पाहिलं. अशा वेळी वापरातली रॅम 7.2 जीबी दिसते आणि खाली ‘कमिटेड’ म्हणून 13.4 जीबी. गती 2400. स्लॉट 2, त्यातला 1 भरलेला. प्रोसेसर इंटेल आय5-8250यू, ग्राफिक्स त्यातलंच, वेगळं कार्ड नाही. खालचं झाकण उघडून आत्ताची पट्टीही पाहिली. तिच्या लेबलवर ‘8जीबी 1आरएक्स8 पीसी4-2400टी-एसए1-11’ असं छापलं आहे. यातलं 2400 कळलं, बाकीचं नाही.

अडलंय ते इथे. रिकाम्या स्लॉटमध्ये अशीच आणखी एक 8 जीबी घालावी, की 16 ची घालून एकूण 24 करावी? जोडी सारखी नसेल तर ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून मिळणारा जास्तीचा वेग, मिळत नाही असं एक जण म्हणाला, दुसरा म्हणाला काही फरक पडत नाही. शिवाय 2400 च्या पट्ट्या शोधताना 2666 आणि 3200 च्याच जास्त दिसतात. त्या चालतील का? घरात एका जुन्या लॅपटॉपची डीडीआर3, म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमची, पट्टीही पडून आहे, तिचा काही उपयोग होईल का तेही सांगा.

प्रतिसाद

तुम्ही माहिती नीट दिली आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे.

डीडीआर3 बाजूलाच ठेवा. तिला 204 पिना, तुमच्या डीडीआर4 ला 260, आणि मधली खाचही वेगळ्या जागी. ती बसणारच नाही, जोर लावून पाहूही नका. घेताना ‘सोडिम’ (लॅपटॉपची आखूड पट्टी) असं स्पष्ट लिहिलेलं पाहा. डेस्कटॉपची डीडीआर4 लांब असते, 288 पिनांची.

लेबलचं म्हणाल तर 1आर म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचा एक गट) आणि एक्स8 म्हणजे प्रत्येक चिप 8 बिट रुंद. अशा 8 चिपा मिळून 64 बिटांचा मार्ग होतो. पीसी4 म्हणजे डीडीआर4. काही पाकिटांवर 2400 ऐवजी 19200 छापलेलं असतं, ते पाहून गोंधळू नका. 2400 ला 8 बाइटांनी गुणलं की तोच आकडा येतो, मेगाबाइट दर सेकंदाला.

2666 किंवा 3200 ची पट्टी चालेल. तुमच्या प्रोसेसरची डीडीआर4 साठीची मर्यादाच 2400 आहे, म्हणून ती खाली येऊन 2400 वर चालेल. त्या गतीसाठी जास्त मोजण्यात अर्थ नाही, पण तीच सहज मिळत असेल तर बिनधास्त घ्या. व्होल्टेज मात्र 1.2 च हवं. गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, जास्त व्होल्टेज मागणाऱ्या पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता 8 की 16. मी 16 घेईन, आणि त्याचं कारण तुमचा तो 13.4 चा आकडा. कमिटेड म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागून ठेवलेली मेमरी. ती सगळी एकाच वेळी लागते असं नाही, पण 8 जीबीच्या मशीनवर 13 च्या पुढे मागणी गेली की विंडोज बराच भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं. पान उलटल्यावर तो भाग परत आणावा लागतो, आणि तेव्हाच तुम्हाला पांढरा चौकोन दिसत असणार. एकूण 16 केली तर आज भागेल, पण दोन्ही स्लॉट भरतील. उद्या कमी पडली तर आज घेतलेली पट्टी काढून टाकावी लागेल.

ड्युअल चॅनेलबद्दल दोघांचंही अर्धंच खरं आहे. 8 आणि 16 एकत्र घातल्या तर इंटेलच्या फ्लेक्स पद्धतीत दोन्हीकडचे 8-8 जीबी ड्युअल चॅनेलमध्ये चालतात, उरलेले 8 सिंगलमध्ये. म्हणजे पहिल्या 16 जीबीपुरता कागदावरचा वेग 19.2 वरून 38.4 जीबी दर सेकंदाला जातो. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असल्याने ते याच रॅमवर जगतं, त्यालाही फायदा होईल. तुमच्या कामात खरा फरक पडेल तो मात्र जागेने.

प्रोसेसर 32 जीबीपर्यंत घेतो, तरी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल एकदा पाहाच. पट्टी बसली नाही तर परत घेणार का, हेही आधी विचारून ठेवा.

प्रतिसाद

डिस्क कोणती आहे? फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी घाला, रॅम नंतर. पेजफाइल हार्ड डिस्कवर असली की असंच होतं.

आणि हा धागा वाचून रॅम घ्यायला निघालेल्या इतरांसाठी: टास्क मॅनेजरमध्ये ‘फॉर्म फॅक्टर’ समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर तुमची रॅम बहुधा बोर्डावरच झाळलेली आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये अशी एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) असते आणि तिथे वाढवायला काही वाव नसतो. काहींमध्ये थोडी झाळलेली आणि जोडीला एक स्लॉट असतो. झाकण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डिस्क एसएसडीच आहे, म्हणून 16 ची घेतली. 2666 ची मिळाली, टास्क मॅनेजर 2400 दाखवतो आणि दोन्ही स्लॉट भरलेले.

पुढे कोणी करणार असेल तर दोन-तीन गोष्टी लिहून ठेवतो. शिफ्ट दाबून शट डाउन केलं तर मशीन पूर्ण बंद होतं, नाहीतर विंडोजचं फास्ट स्टार्टअप अर्धवट जागं ठेवतं. झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली. पट्टी कडेने धरून तिरकी आत सारायची, सोनेरी पट्टे जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत, आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळा राहिला. नवी रॅम तपासून जुळवून घ्यायला मशीन तेवढा वेळ घेतं, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. रात्रभर मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला, एकही चूक आली नाही.

पांढरे चौकोन गेले. पीडीएफ, लिबर ऑफिस आणि सगळे टॅब उघडे असताना पान उलटलं की लगेच दिसतं. ओसीआरला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, ते प्रोसेसरवर आहे. त्यासाठी एका वेळी किती पानं द्यावीत यावर कोणाचा अनुभव असेल तर इथेच लिहा.