क्ले (माती) टाकल्यावर पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) उलट ठिसूळ का होतंय?

अर्धा_इंजिनिअर: पॉलिप्रॉपिलीनमध्ये ५ टक्के ऑर्गॅनोक्ले (सेंद्रिय कोटिंग दिलेली थराथरांची माती) घातली, ट्विन स्क्रूमधून (वितळवून मिसळणारं मशीन) काढली, टेन्साइलला (ताणून बघायची चाचणी) लावली तर मोड्युलस (कडकपणा) जेमतेम वाढलाय आणि सॅम्पल ताणायच्या आधीच कटकन तुटतंय, मायक्रोस्कोपखाली तुटलेल्या जागी पांढरट ठिपके दिसतात. पण एक्सआरडीत (क्ष-किरणांची चाचणी, थर एकावर एक रचलेले असले की ठरावीक कोनाला उंचवटा म्हणजे पीक दिसतो) क्लेचा पीक नाहीये, म्हणजे थर सुटे झालेत ना? मग ताकद गेली कुठे?

खलबत्ता: अहो ते ठिपके म्हणजेच क्लेच्या गुठळ्या, चीर तिथूनच सुरू होते. मॉन्टमोरिलोनाइटचा (या क्लेतलं खनिज) एकेक थर १ नॅनोमीटर जाड आणि शेकडो नॅनोमीटर रुंद, सगळी करामत त्या पातळ पापुद्र्यांची. ते चिकटूनच राहिले तर साधा फिलर टाकल्यासारखंच. मॅलेइक अनहायड्राइड (पीपी आणि क्लेला जोडून देणारं रसायन) लावलेलं पीपी घातलं होतं का सोबत?

उणे_अधिक: त्याआधी एक, एक्सआरडीचा स्कॅन किती कोनापासून लावला? ५ अंशांपासून असेल तर पीक गायब नाहीये, तुम्ही तिकडे बघितलंच नाही :) कॉपर ट्यूबवर (नेहमीचा क्ष-किरण स्रोत) ऑर्गॅनोक्लेचा पीक बहुतेक वेळा ५ च्या खालीच असतो.

अर्धा_इंजिनिअर: ५ पासूनच लावला 🤦 मॅलेइकवालं काही घातलं नाही, नायलॉनमध्ये क्ले घालण्यावरचा एक लेख वाचून केलं, त्यात त्याचा उल्लेखच नव्हता. मशीन २३० डिग्री सेल्सिअसला चालवलं, मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) पातळ राहावा म्हणून.

खलबत्ता: नायलॉनची गोष्टच वेगळी. टोयोटाच्या लॅबवाल्यांनी १९८० च्या दशकात क्ले आधी मोनोमरमध्ये (ज्यापासून नायलॉन बनतं तो कच्चा माल) फुगवली आणि मग तिथेच थरांच्या मधोमध नायलॉन-६ बनवलं, त्यामुळे थर आतूनच ढकलले गेले. ५ टक्क्यांहून कमी क्लेत हीट डिस्टॉर्शन टेंपरेचर (भाराखाली वाकायला लागायचं तापमान) ६५ वरून १५० डिग्रीच्या आसपास गेलं. शिवाय नायलॉन पोलर (रेणूवर विद्युतभार असमान वाटलेला), क्लेशी त्याचं जमतं. पीपी पडलं तेलकट, मध्यस्थ लागतोच, तेच ते मॅलेइकवालं पीपी. आणि २३० कशाला? क्लेवरचं अमोनियमचं कोटिंग २०० च्या आसपासच सुटायला लागतं, १८०-१९० ला चालवा. मेल्ट घट्ट राहिला तर उलट बरंच, शिअर (थर घासून सुटे करणारा जोर) जास्त मिळतो.

उणे_अधिक: आणि पुढच्या वेळी खरंच पीक गेला तरी नाचू नका, टीईएम (थर थेट दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) काढा. क्ले कमी असली किंवा थर वेडेवाकडे पडले तरी पीक दिसत नाही.

अर्धा_इंजिनिअर: तेच सॅम्पल १.५ अंशांपासून परत लावलं. ३.७ ला ठसठशीत पीक, मूळ पावडरचा होता तिथेच, तसूभर हललेला नाही, म्हणजे थर सुटलेच नाहीत. मॅलेइकवालं पीपी मागवलंय.