संथ आहे, पण कंटाळवाणा नाही

'साबर बोंडं' हा मराठी सिनेमा फार संथ असल्याची तक्रार एकानं केलीय. संथ आहेच! पण वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेल्या आनंदचे ते सुतकाचे दहा दिवस भराभर उरकले असते, तर सिनेमात उरलं काय असतं? नातेवाईक दुखवट्यातही त्याच्या लग्नाचा विषय काढतात तेव्हा हसूही येतं, संतापही. आनंद समलिंगी आहे, हे आई मात्र जाणून आहे. २०२५ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळवलेला सिनेमा, आणि आमच्याकडे शो होते भलत्याच वेळी, असो.

असाच दुसरा संथ सिनेमा, पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. त्याचा कोकणातला भाग मला थोडा सैल वाटला. पण कागदपत्रं नाहीत म्हणून घर सोडावं लागणारी छाया कदमची पार्वती... परळ-लालबागवाल्यांना ती ओळखीची वाटेल.